‘लुकिंग फॉरवर्ड टू...’ आणि पुढे?

मेल तयार आहे. सब्जेक्ट लाइन चकाचक, सीव्ही जोडलेला (होय, या वेळी खरंच जोडलेला), एचआरवाल्या मॅडमच्या नावाचं स्पेलिंग तीनदा तपासलेलं. आता फक्त शेवटची ओळ. तुम्ही टाइप करता, ‘लुकिंग फॉरवर्ड टू...’ आणि बोटं तिथेच थबकतात. हिअर की हिअरिंग? मीट की मीटिंग? ‘मीटिंग यू’ कसं तरीच वाटतं ना? मीटिंग तर सोमवारी सकाळी दहाला कॉन्फरन्स रूममध्ये असते! मग तुम्ही ‘मीट यू’ लिहून मोकळे होता, सेंड दाबता आणि चहा प्यायला खाली जाता.

सस्पेन्स न ठेवता उत्तर आधी सांगून टाकते. बरोबर आहे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. बरोबर आहे ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू’. ‘टू मीट यू’ आणि ‘टू हिअर फ्रॉम यू’ चूक. ऑफिसमधल्या निम्म्या लोकांना तसं लिहिताना पाहिलं असेल, तरीही चूक.

एवढंच हवं असेल तर पान उलटा, पुढे नव्या कॅफेंची माहिती आहेच. पण ‘का?’ हे एकदा कळलं ना, की या एका वाक्याबरोबर आणखी अर्धा डझन वाक्यं आपोआप सुधारतात. आणि त्यातली बरीचशी नेमकी तुमच्या सीव्हीमध्ये बसलेली असतात.

शाळेतल्या बाईंचा नियम

‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप, हे आपल्याला शाळेत अगदी घोकून शिकवलं जातं. टू गो, टू ईट, टू स्लीप. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधीच्या पिढ्यांना ते थेट पाचवीत भेटायचं. पण पहिलीत भेटो की पाचवीत, ‘टू गोइंग’ लिहिलं की वहीवर लाल रेघ ठरलेली. ही रेघ डोक्यात इतकी पक्की बसते, की दहा-पंधरा वर्षांनी ऑफिसात बसूनही ‘टू’ दिसला की हात आपोआप ‘आयएनजी’ खोडतो.

म्हणजे गंमत बघा. ही चूक इंग्रजी न शिकल्यामुळे होत नाही. उलट मन लावून शिकल्यामुळे होते! एक नियम चोख पाठ केला आणि तो जिथे लागू नाही तिथेही इमानदारीत लावला, इतकंच. त्यामुळे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिणाऱ्याला ‘अडाणी’ ठरवण्याआधी जरा थांबा. तो बहुतेक वर्गातला हुशार मुलगा होता.

भानगड अशी की इंग्रजीत ‘टू’ एक नाही, दोन आहेत. दिसायला जुळे, स्वभाव वेगळे. पहिला क्रियापदाला चिकटलेला असतो : ‘आय वॉन्ट टू मीट यू’. दुसरा सुटा, दिशा दाखवणारा. ‘आय ॲम गोइंग टू पुणे’ मधला. हा दुसरा ‘टू’ म्हणजे प्रिपोझिशन. त्याच्यापुढे नाम लागतं. पुणे, ऑफिस, पार्टी, काहीही, पण नाम. आणि क्रियापदच ठेवायचं असेल, तर त्याला आधी नामाचा ड्रेस घालावा लागतो. तो ड्रेस म्हणजे ‘आयएनजी’.

‘लुकिंग फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ हा दुसरा. खेळ खल्लास.

आपला ‘ला’, त्यांचा ‘टू’

आता हेच मराठीतून बघू, म्हणजे फंडा एकदम क्लिअर होईल.

आपल्याकडेही असा दुहेरी ड्युटी करणारा गडी आहे. ‘ला’! ‘मी पुण्याला जाते’ आणि ‘मी भेटायला जाते’. पहिल्या वाक्यात ‘ला’ गावाला लागलाय, दुसऱ्यात क्रियापदाला. आपण दिवसातून शंभरदा दोन्ही वापरतो आणि कधी गोंधळत नाही, कारण ‘पुण्याला’ आणि ‘भेटायला’ यांचे साचे कानाला वेगळे लागतात. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे तोच कोरडा ‘टू’, सुटा उभा. तो कुठल्या ड्युटीवर आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

जुन्या इंग्रजीत ते थोडंफार कळायचं. हजारेक वर्षांपूर्वी ‘टू’ नंतर येणाऱ्या क्रियापदाच्या शेपटीला एक खास प्रत्यय लागायचा, जणू आपल्या ‘भेटाय’सारखा. काळाच्या ओघात शेपूट झडली, ‘टू’ तेवढा उरला आणि तुमच्या-आमच्या मेलमध्ये येऊन गोंधळ घालू लागला.

मग घोळ नेमका कुठे होतो? आपण मनात म्हणतो, ‘तुम्हाला भेटायला मी उत्सुक आहे.’ ‘भेटायला’ म्हणजे ‘टू मीट’. झालं, तेच उचलून ‘लुकिंग फॉरवर्ड’ला जोडलं. त्याऐवजी मनात म्हणून बघा, ‘तुमच्या भेटीकडे डोळे लावून बसलोय.’ लुकिंग म्हणजे पाहणं, फॉरवर्ड म्हणजे पुढे आणि ‘टू’ म्हणजे ‘कडे’. कशाकडे? भेटीकडे. भेटण्याकडे. आता या ‘कडे’ला ‘भेटायला’ जोडून दाखवा बरं. ‘भेटायलाकडे’? आजी तिथल्या तिथे कान धरेल! ‘भेटणं’ या क्रियेचं आधी नाम झालं, मगच त्याला ‘कडे’ लागलं : भेटण्याकडे. हे ‘भेटणं’ म्हणजेच त्यांचं ‘मीटिंग’. कॉन्फरन्स रूममधली मीटिंग नव्हे, भेटणं.

थोडक्यात, जे व्याकरण आपल्याला इंग्रजीत परकं वाटतं, ते मराठीत आपण शाळेत जायच्या आधीपासून बिनचूक वापरतोय.

वीकेंड टेस्ट

घाईच्या वेळी मराठी-इंग्रजी तुलना करत कोण बसणार? म्हणून ही एक झटपट चाचणी. ‘टू’च्या पुढे क्रियापदाऐवजी ‘द वीकेंड’ ठेवून बघा. वाक्य व्याकरणात बसलं, तर क्रियापदाला ‘आयएनजी’ लावा. लंगडलं, तर मूळ रूप ठेवा.

‘लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड’. बसलं! (सोमवारपासूनच बसतं.) म्हणून टू मीटिंग, टू हिअरिंग, टू वर्किंग विथ यू.

‘आय वॉन्ट टू द वीकेंड’. छे. म्हणून वॉन्ट टू मीट.

‘आय होप टू द वीकेंड’. नाही. म्हणून होप टू हिअर फ्रॉम यू सून.

‘आय ॲम एक्सायटेड टू द वीकेंड’. भावना पोचल्या, व्याकरण नाही. म्हणून एक्सायटेड टू जॉइन.

‘आय ऑब्जेक्ट टू द वीकेंड’. बसलं. मित्र उरणार नाहीत, पण व्याकरण शाबूत. म्हणून ऑब्जेक्ट टू वर्किंग ऑन संडेज.

टेस्ट शंभर टक्के आहे का? नाही. ‘ॲग्री’सारखी काही महाशयं दोन्ही घरचे पाहुणे असतात. ‘ॲग्री टू द प्लॅन’ही चालतं आणि ‘ॲग्री टू कम’ही. पण ऑफिसच्या मेलमध्ये रोज भेटणाऱ्या बहुतेक वाक्यांना ही चाचणी पुरून उरते.

सीव्हीतली भावंडं

आता त्या अर्ध्या डझनाकडे वळू. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ची ही भावंडं कव्हर लेटरमध्ये हमखास सापडतात.

‘कमिटेड टू डिलिव्हर रिझल्ट्स’ नको, ‘कमिटेड टू डिलिव्हरिंग रिझल्ट्स’ हवं. ‘डेडिकेटेड टू’चं तसंच. ‘इन ॲडिशन टू मॅनेज अ टीम’ नको, ‘इन ॲडिशन टू मॅनेजिंग अ टीम’. ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्ह’ नको, ‘विथ अ व्ह्यू टू इम्प्रूव्हिंग’. पण ‘इन ऑर्डर टू’च्या पुढे मात्र मूळ रूपच : ‘इन ऑर्डर टू इम्प्रूव्ह’. (वीकेंड टेस्ट लावा, ‘इन ऑर्डर टू द वीकेंड’ लगेच आडवं पडतं.)

या कुटुंबातला सर्वांत खट्याळ मेंबर म्हणजे ‘यूस्ड टू’. इथे नुसतं व्याकरण चुकत नाही, अर्थच पलटी मारतो.

‘आय यूस्ड टू वर्क अंडर प्रेशर’ म्हणजे, पूर्वी मी प्रेशरखाली काम करायचो. (आता नाही करत.)

‘आय ॲम यूस्ड टू वर्किंग अंडर प्रेशर’ म्हणजे, प्रेशरखाली काम करायची मला सवय आहे.

समजा, डेडलाइनवर चालणाऱ्या एखाद्या जॉबसाठी तुम्ही पहिलं वाक्य लिहिलंत. समोरच्याला प्रश्न पडणारच, ‘मग सोडलं का?’ आणि दोन्हींची खिचडी करून ‘आय ॲम यूस्ड टू वर्क’ लिहिलंत, तर तो अंदाज बांधत बसेल की तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय. एक ‘ॲम’ आणि एक ‘आयएनजी’. दोन्ही लागतात, जोडीने.

‘फॉर’ची घुसखोरी

आपल्याकडे आणखी एक व्हर्जन जोरात चालतं : ‘लुकिंग फॉरवर्ड फॉर युवर रिप्लाय’. हा ‘फॉर’ कुठून आला? सरळ आहे, ‘वेटिंग फॉर’ मधून. वाट पाहणं दोन्हीत आहे, म्हणून शेजारच्या वाक्यातला ‘फॉर’ उचलून इकडे लावला. पण ‘लुकिंग फॉरवर्ड’ला कायम ‘टू’च. ‘फॉर’ चालतो ‘वेटिंग’ला.

आणि ‘अवेट’ला? काहीच नाही! ‘अवेटिंग युवर रिप्लाय’. ‘अवेटिंग फॉर युवर रिप्लाय’ म्हणजे लग्नात दोन पंगतींना जेवण्यासारखं, कारण वाट पाहण्याचा ‘फॉर’ ‘अवेट’च्या पोटातच आहे.

स्पेलिंगचीही एक मजा सांगते. पुढे या अर्थाच्या ‘फॉरवर्ड’चा शेवट डब्ल्यू-ए-आर-डी असा होतो. घाईत तिथे डब्ल्यू-ओ-आर-डी पडलं आणि अलीकडे एक ‘ई’ घुसला, की त्याचा अर्थ होतो पुस्तकाची प्रस्तावना. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, त्यामुळे साधा स्पेलचेकर लाल रेघ मारेलच असं नाही. ‘मी आपल्या भेटीची प्रस्तावना पाहत आहे.’ साहित्य संमेलनाला जात असाल तर ठीक, एरवी सेंडच्या आधी एक नजर टाका.

हे सगळं आता मशीन करतंच की!

खरंय. जीमेलने २०१८ मध्ये अर्धवट वाक्य पुढे सुचवण्याची सोय आणली, तेव्हापासून आपण ‘लुकिंग फॉर’ एवढं टाइप करायचा अवकाश, पुढचं फिक्या अक्षरांत हजर. आता तर अख्खा मेल लिहून देणारी एआय टूल्सही हाताशी आहेत. मग डोकं कशाला शिणवायचं?

दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, इंटरव्ह्यूत, क्लायंटसमोरच्या बोर्डवर किंवा ग्रुपवर घाईत टाकलेल्या मेसेजमध्ये ते फिकं अक्षर आपल्या मदतीला येईलच असं नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मशीन वाक्य बरोबर करून देतं. ते वाक्य त्या जागी शोभतं का, हे तपासायचं काम शेवटी आपलंच.

कारण ‘लुकिंग फॉरवर्ड’मध्ये आनंद आहे. जे घडावं असं वाटतंय, त्याच्यासाठीच ते वापरतात. त्यामुळे रिटायर होणाऱ्या बॉसला ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू युवर फेअरवेल’ असा मेल गेला, तर व्याकरण शंभर टक्के आणि एप्रेझल शून्य टक्के! (तुम्हाला तेच म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी.) एखाद्याने घरच्या आजारपणासाठी रजा मागितली असेल, तर उत्तरात ‘लुकिंग फॉरवर्ड टू द सबमिशन ऑन मंडे’ नको. तिथे ‘टेक केअर’ म्हणा, सबमिशनचं नंतर बघू. अप्रिय गोष्टीची नुसती अपेक्षा सांगायची असेल तर ‘एक्स्पेक्ट’ आहे ना. ‘वुई एक्स्पेक्ट सम डिले’ म्हणावं. ‘वुई आर लुकिंग फॉरवर्ड टू सम डिले’ म्हटलं तर क्लायंटला वाटेल, तुम्ही उशिराची पार्टीच ठेवलीय.

टोनचंही थोडं बघू. ‘आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ जरा इस्त्रीचं, फॉर्मल. नव्या क्लायंटला, मुलाखतीच्या पत्रात छान दिसतं. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ जास्त मोकळं, ऊबदार. आणि ‘आय ॲम’ही गाळून नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड टू...’ म्हणजे ओळखीच्यांतलं, जीन्स-टीशर्टमधलं. तिन्ही चालतात. कुठे काय घालून जायचं, हे तुम्हाला कळतंच.

‘थँकिंग यू’ आणि ‘लोभ असावा’

ते नुसतं ‘लुकिंग फॉरवर्ड’ आलं कुठून, हेही इंटरेस्टिंग आहे. जुन्या इंग्रजी पत्रांत शेवटचं वाक्य लांबलचक असायचं. उत्तराची आशा बाळगून, आपले आभार मानून, ‘आय रिमेन’, म्हणजे मी आहे आपला नम्र सेवक, आणि खाली सही. काळाबरोबर ‘आय रिमेन’ गेलं, सेवकही गेला, उरलं ते वाक्याचं पुढचं टोक. आपल्या सरकारी अर्जांत आजही हक्काने येणारं ‘थँकिंग यू’ हे त्याच जुन्या वाड्याचं उरलेलं जोतं.

मराठीतही असं होतंच की. ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ लिहिताना कोण खरोखर लोभाची विनंती करत असतं? पत्र संपलं, हे सांगायची ती एक रीत. तशीच ‘लुकिंग फॉरवर्ड’ची आता रीत झालीय. आणि रीत झाली की तिचा अर्थ पातळ होतो. म्हणून ही शेवटची ओळ लिहिताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा. मला यांच्याकडून नेमकं काय हवंय?

शुक्रवारपर्यंत कोटेशन हवं असेल, तर ‘लुकिंग फॉरवर्ड टू युवर अर्ली अँड पॉझिटिव्ह रिप्लाय’ म्हणून ते येत नाही. ‘अर्ली’ म्हणजे कधी? ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आधीच होकार गृहीत? त्यापेक्षा ‘कुड यू प्लीज सेंड द कोटेशन बाय फ्रायडे?’ हे लिहा. मग खाली खुशाल ‘आय लुक फॉरवर्ड टू वर्किंग विथ यू’. आधी काम, मग गोडवा. उत्तर हवं असलेली ओळ रीतीच्या ओळीत दडवली, की ती रीतीसारखीच वाचली जाते. म्हणजे, वाचलीच जात नाही.

चूक कोणाची, शिक्षा कोणाला

आता थोडं सीरियस. एका ‘आयएनजी’ने असा काय फरक पडतो? अर्थ तर कळतोच. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ वाचून कोणी भेटायला यायचं थांबत नाही. मान्य. पण अर्जांचा ढीग उपसणाऱ्या माणसाकडे प्रत्येक अर्जासाठी वेळ कमी असतो आणि नाही म्हणायला त्याला कारण हवं असतं. अशा वेळी शेवटच्या ओळीतली चूक हे फार सोयीचं कारण ठरतं. साताऱ्याहून, लातूरहून, चंद्रपूरहून आलेला, मराठी शाळेत शिकलेला, कामात सॉलिड असलेला एखादा पोरगा त्या एका ओळीपाशी अडू शकतो. हे न्याय्य नाही. पण आहे.

म्हणूनच हे दोन्ही बाजूंना सांगायचंय. तुम्ही अर्ज लिहिणारे असाल, तर हा नियम दहा मिनिटांत हातात येतो. तेवढं एक कारण समोरच्याच्या हातून काढून घ्या. आणि तुम्ही अर्ज वाचणाऱ्या खुर्चीत पोचला असाल, तर ‘टू मीट’ दिसल्यावर ओठ मुडपू नका. तो उमेदवार दुसऱ्या भाषेत, कदाचित तिसऱ्या भाषेत लिहितोय, एक नियम प्रामाणिकपणे पाळतोय आणि त्याचा अपवाद त्याला अजून कोणी सांगितलेला नाही. तो सांगायला अर्धा मिनिट लागतो. टीममध्ये आल्यावर शांतपणे, सगळ्यांसमोर नव्हे, सांगता येतो.

जाता जाता, डेस्कवर चिकटवायची चिठ्ठी :

‘लुकिंग फॉरवर्ड टू’ + नाम, किंवा ‘आयएनजी’वालं क्रियापद.
‘होप टू’, ‘वॉन्ट टू’, ‘एक्सायटेड टू’ + मूळ क्रियापद.
‘वेटिंग फॉर’ युवर रिप्लाय. ‘अवेटिंग’ युवर रिप्लाय.
सवय असेल तर ‘ॲम यूस्ड टू वर्किंग’. सुटली असेल तर ‘यूस्ड टू वर्क’.
शंका आली की वीकेंड आठवा. तो तसाही आठवतोच!